निळी तार, हिरवी तार

ताई धाकटीपेक्षा सात वर्षांनी मोठी होती, पण वागायची मात्र आईच्याही वरची असल्यासारखी. गल्लीत तिला सगळे ‘सरकार’ म्हणत. हे नाव कुणी ठेवलं ते कुणाला आठवत नव्हतं, पण चिकटलं ते चिकटलंच. नळावर दोन बायकांचं वाजलं की तिसरी म्हणायची, “सरकारला बोलवा.” मग ताई यायची, कमरेवर हात ठेवून उभी राहायची आणि दोन्ही बाजू ऐकून न घेताच निकाल द्यायची. निकाल पुष्कळदा चुकीचा असायचा. पण तो इतक्या ठणठणीत आवाजात दिलेला असायचा की वर अपील करायची कुणाची छाती व्हायची नाही.

धाकटीवर तर तिचं राज्य पाळण्यापासूनचं. डाव्या कुशीवर झोपलं की माणूस डावखुरा होतो, असं ताईनं तिला सांगितलं होतं. शाळेच्या फाटकातून उजवा पाय आधी टाकला नाही तर गणितं चुकतात, असंही सांगितलं होतं. आणि डोळे मिटून जेवलं की पोट लवकर भरतं, हे तर ती रोज सांगायची. धाकटी बिचारी डोळे मिटून जेवायची. त्या दिवसांत बाबांकडे शिलाईचं काम फारसं येत नव्हतं आणि पातेल्यात तळाशीच काय ते असायचं, हे तिला पुष्कळ उशिरा उमजलं.

आई गेली तेव्हा धाकटी पहिलीत होती. माणसं येऊन बसली, उसासे टाकून गेली. बाबा खिडकीपाशी शिलाई मशीनसमोर बसून राहिले, मशीन न चालवता. ताईनं धाकटीला पुढ्यात ओढलं, फणी घेतली आणि तिच्या वेण्या इतक्या घट्ट घालायला घेतल्या की पोरीच्या भुवया कपाळावर चढल्या.

“रडून घे,” ताई म्हणाली. “वेणी घालताना रडलं तर कुणी कारण विचारत नाही.”

धाकटी रडली. पुढे कितीतरी महिने ती रोज सकाळी वेणी घालून घेताना रडायची आणि वेणी झाली की नाक पुसून शाळेत जायची. ताई स्वतः कधी रडायची, हे मात्र तिला कळलं नाही. आई गेली त्याच आठवड्यात ताईनं बाबांच्या कात्रीनं आपले केस मानेपर्यंत कापून टाकले होते. तिला वेणी घालायला कुणी नव्हतं.

ताईनं शाळा सोडली आणि शहराबाहेरच्या वाफेच्या लाँड्रीत नोकरी धरली. दवाखान्यांच्या, हॉटेलांच्या चादरी तिथे गाड्या भरभरून येत. धुऊन, पिळून झाल्या की त्या मोठ्या इस्त्रीच्या मशीनवर जात. मशीन म्हणजे पुरुषभर लांबीचे दोन तापलेले रोलर, एकावर एक फिरणारे. दोन बायका एका बाजूनं ओली चादर आत सारायच्या, दोघी दुसऱ्या बाजूला उभ्या राहून कडक झालेली चादर ओढून घडी घालायच्या. आत इतकी वाफ असायची की समोरची बाई ओळखायची तर तिच्या खोकल्यावरून. संध्याकाळी ताई घरी यायची ती उकडलेल्या बटाट्यासारखी होऊन. आल्या आल्या विचारायची, “अभ्यास झाला?” झाला म्हटलं तरी मार, नाही म्हटलं तरी मार. फरक एवढाच, की झाला म्हटलं तर मार हळू बसायचा.

धाकटीला पुढे शिकवायचा तिचा बेत होता. पण बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला, सुईत दोरा जाईना, आणि एक दिवस धाकटी स्वतःच लाँड्रीच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली. ताई चार दिवस तिच्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी तिनं मुकादमाला सांगितलं, “हिला माझ्यासमोर घडीवर उभी करा. माझ्या नजरेसमोर राहू दे. जरा वेंधळी आहे.”

तर धाकटी घडीवर उभी राहिली. मशीन बंद करायचं लाल बटण तिच्याच बाजूला होतं.

आत सारणाऱ्या बायकांच्या बाजूला, रोलरच्या तोंडाशी, एक लोखंडी दांडी होती. त्या दांडीला हात टेकला की मशीन जागच्या जागी थांबायचं. दांडी त्यासाठीच होती. पण जाड चादर आली की तीही दांडीला लागायची, मशीन थांबायचं, पुन्हा सुरू करेपर्यंत वेळ जायचा. म्हणून मुकादमानं ती तारेनं वर बांधून टाकली होती. मुकादम मुळात वाईट माणूस नव्हता. गाड्या वेळेवर का सुटत नाहीत, असं त्याला वरून रोज विचारलं जायचं आणि तो ते खाली ढकलायचा, इतकंच.

“दांडी सोडा,” ताई त्याला म्हणायची.

“सोडू, सोडू. बांधलीय ती तात्पुरती.”

“तुमचं तात्पुरतं म्हणता म्हणता माझी बहीण नोकरीला लागून जुनी झाली.”

एकदा तिनं स्वतःच पक्कड आणून तार तोडली होती. जेवणाची सुट्टी संपवून सगळ्या परत आल्या तेव्हा दांडी पुन्हा वर बांधलेली होती. ताईच्या शेजारी उभं राहून चादरी सारणारी एक चष्मेवाली होती. ती हळूच म्हणाली, “सरकार, जाऊ दे. गाडी उशिरा गेली की आपल्यालाच बोलणी बसतात.”

ते घडलं तो दिवसही इतर दिवसांसारखाच होता. एका चादरीच्या कोपऱ्याला कुणी तरी गाठ मारलेली होती. कशासाठी मारली असेल देव जाणे. दवाखान्यातल्या पेशंटनं काही बांधून ठेवलं असेल. गाठ सोडवायला ताईनं तिच्यात बोट घातलं आणि चादर पुढे गेली. गाठीबरोबर बोट गेलं, बोटाबरोबर हात.

“बंद कर,” ताई म्हणाली.

ओरडली नाही. गॅस बंद कर म्हणावं तशा आवाजात म्हणाली. धाकटीला लहानपणापासून सवय होती, ताईचा हुकूम आधी पाळायचा आणि मग कशाला म्हणून बघायचं. तिनं बटण दाबलं आणि मग बघितलं. रोलर थांबले होते, पण तापलेले होते, आणि ताईचा हात कोपराच्या जवळपर्यंत त्यांच्यामध्ये होता. मशीन उलटं फिरवायला एक हँडल असायचं, ते जागेवर नव्हतं. मुकादम धावत गेला आणि कुठून तरी घेऊन आला. त्यानंच ते फिरवलं. फिरवताना तो लहान पोरासारखा रडत होता. ताई मात्र त्याच्याकडे टक लावून बघत होती आणि मग तिचे डोळे वर गेले.

डॉक्टरांनी उजवा हात कोपराच्या थोडा खालपासून काढून टाकला. मशीन लगेच थांबलं म्हणून जीव वाचला, असं ते म्हणाले. धाकटी हे ऐकून दवाखान्याच्या जिन्यात बसली. बाबांना काय सांगायचं, याची वाक्यं ती मनात जुळवत होती, पण प्रत्येक वाक्य ‘ताईचा हात’पाशी येऊन थांबत होतं.

ताई शुद्धीवर आली तेव्हा धाकटी उशाशी होती. ताईनं आधी छताकडे बघितलं, मग बँडेजकडे बघितलं, मग डाव्या हातानं अंगाखालची चादर चाचपली.

“ही आपल्याकडचीच,” ती म्हणाली. जीभ अजून जड होती. “कडा बघ कशी आलीय. कुणी घातली घडी?”

“ताई, तुझा हात...”

“दिसतंय मला. घडी कुणी घातली ते सांग.”

धाकटीनंच घातली होती. ते तिनं सांगितलं नाही.

आठवड्याभरानं मालक आणि मुकादम बघायला आले. मालक खुर्चीवर बसला, मुकादम भिंतीला टेकून खाली बघत उभा राहिला. मालकानं संत्र्यांची करंडी कॉटवर ठेवली.

“संत्री आणलीत,” ताई म्हणाली. “सोलणार कोण?”

मालक ओशाळला. दोन संत्री त्यानं स्वतःच सोलली आणि फोडी तिच्यापुढे ठेवल्या. मग घसा खाकरून म्हणाला की सरकारी तपासनीस येणार आहे, तो विचारेल. तिनं फक्त इतकंच सांगायचं की घाईच्या वेळी दांडी तिनंच बांधली होती. मग तिला आयुष्यभर बसून करायचं काम देऊ, कपडे मोजून घ्यायच्या खोलीत. बहिणीच्या नोकरीलाही धक्का लागणार नाही.

“यात तुला कुणी दोष देणार नाही,” मालक म्हणाला.

“मीच मला दिल्यावर दुसऱ्यानं कशाला द्यायचा,” ताई म्हणाली. मग म्हणाली, “बघते.”

ते गेल्यावर धाकटीनं तिचे पाय धरले. “ताई, सांगून टाक ना. हात काही परत येणार नाही. बसून काम मिळेल. बाबांकडे बघ. मी एकटी काय काय करू?”

“आणि दांडी?”

“दांडीचं काय?”

“मी बांधली म्हटलं की विषय संपला. मग पुन्हा बांधायला ते मोकळे. आणि मी आता तिथं नाही, म्हणजे माझ्या जागेवर कुणाला उभं करतील? तुलाच. तू तर डोळे उघडे ठेवूनही ठेचकाळतेस.”

“मी सांभाळून करीन.”

“मी काय नाचत होते?”

ताईनं संत्र्याची एक फोड तिच्या तोंडात कोंबली. “हात गेलाय,” ती म्हणाली, “तोंड अजून जागेवर आहे. त्याचा काही तरी उपयोग करू.”

तपासनीस आधी दवाखान्यात आला. ताईनं त्याला सगळं सांगितलं. दांडी मुकादमानं बांधली होती, वर्षानुवर्षं बांधलेली होती, निळ्या तारेनं. मग तो लाँड्रीत गेला. त्या दिवशी दांडी सुटी होती, तेलपाणी केलेली, चकचकीत. बायकांना ओळीनं उभं केलं होतं आणि मुकादम बाजूलाच होता.

“ही दांडी कधी बांधलेली असायची का?” तपासनीसानं विचारलं.

पहिली म्हणाली, माहीत नाही. दुसरी म्हणाली, लक्ष नव्हतं. चष्मेवाली म्हणाली, “वाफेनं माझा चष्मा धुकटतो साहेब, मला काही दिसत नाही.” धाकटीचंही ठरलं होतं. घरून निघतानाच ठरलं होतं. ताईनं बोलायचं ते बोलून झालंय, आपण आपलं माहीत नाही म्हणायचं आणि घरात एक तरी पगार ठेवायचा. पण तिची पाळी यायच्या आधीच मुकादम म्हणाला, “ही तिची बहीण. साधी आहे बिचारी, हिला काही कळत नाही.”

आता हे वाक्य ती जन्मभर ऐकत आली होती. ताई तर रोज म्हणायची. पण ताईनं म्हणणं वेगळं आणि मुकादमानं म्हणणं वेगळं.

“बांधलेली होती,” धाकटी म्हणाली. आवाज इतका बारीक आला की तपासनीसानं कानामागे हात धरला. “तारेनं. मुकादमांनीच बांधली होती. हिरव्या तारेनं.”

संध्याकाळी ती धापा टाकत दवाखान्यात पोचली आणि तिनं सगळं ताईला सांगितलं. ताईनं डोळे मिटून ऐकलं. क्षणभर धाकटीला वाटलं, आता ताई डोक्यावरून हात फिरवेल.

“हिरवी नाही,” ताई म्हणाली. “निळी. साक्ष द्यायची तर नीट द्यावी.”

आणि खरोखरच तिथंच सगळं फिसकटलं. दोघी सख्ख्या बहिणी, एक म्हणते निळी, दुसरी म्हणते हिरवी, बाकी कुणी काही बघितलेलंच नाही. मालकाच्या वकिलानं हसत हसत विचारलं, तार होती तरी का? तपासणी तिथंच मिटली. वर्षानुवर्षं दांडी बांधलेली होती हे काही ठरलं नाही. दोघींची नोकरी गेली. दांडी मात्र सुटी राहिली, निदान काही काळ.

घरी आल्यावर ताई भिंतीकडे तोंड करून झोपली ती कितीतरी दिवस उठलीच नाही. दारावर कुणी आलं तरी वळायची नाही. गल्लीत भांडणं होत होती आणि आपली आपण मिटत होती. धाकटीला एका कपड्यांच्या दुकानात काम मिळालं. गिऱ्हाइकांनी उलगडून टाकलेले शर्ट पुन्हा घडी करून ठेवायचे. ती सकाळी जायची, संध्याकाळी यायची, आणि ताई त्याच कुशीवर असायची. ताटातलं अन्न तसंच असायचं. धाकटीनं एकदा रागाच्या भरात म्हटलं, “डोळे मिटून खा, लवकर भरेल पोट.” ताई हसली नाही. धाकटीला ती इतकी घाबरवणारी कधीच वाटली नव्हती, मारायची तेव्हाही नाही.

तिला उठवलं ते बाबांनी, तेही न बोलता. मोतीबिंदू काढल्यापासून बाबांना पुन्हा थोडं दिसू लागलं होतं. त्यांनी ताईचे सगळे कपडे कपाटातून काढले आणि मशीनशी बसले. उजव्या बाह्या आखूड करून टोकाशी बंद करायच्या होत्या, म्हणजे लोंबत राहणार नाहीत. पण माप नव्हतं. त्यांनी धाकटीला खुणेनं विचारलं, किती? धाकटीला सांगता येईना. बाबा कात्री हातात घेऊन तसेच बसून राहिले.

ताई उठली. बाबांच्या पुढ्यात येऊन उभी राहिली आणि तिनं उजवा हात, उरला होता तेवढा, खांद्यापासून सरळ पुढे धरला.

“घ्या माप,” ती म्हणाली. “आणि जरा सैल ठेवा. तुम्ही सगळ्यांचंच घट्ट शिवता.”

बाबांनी टेप लावला. त्यांच्या एका हातात कात्री होती, म्हणून ताईनं टेपचं दुसरं टोक आपल्या दातांत धरलं.

त्यानंतर ती दवाखान्यात जाऊ लागली. जखमेची पट्टी बदलायला, मग व्यायामाला, मग नकली हातासाठी. नकली हात मिळाला तो कुणा गोऱ्यापान माणसाच्या रंगाचा. ताई सावळी. तिनं तो एकदाच लावून आरशात बघितला. “हा कुणाचा तरी चोरून आणल्यासारखा दिसतोय,” म्हणाली आणि दारामागच्या खिळ्याला अडकवला. पुढे त्यावर छत्री टांगलेली असायची. नवीन पाहुणा दचकायचा, आणि ताईला ते फार आवडायचं.

दवाखान्यात तिची पाळी यायला वेळ लागायचा. तेवढ्यात ती येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगत बसायची, एक्स-रे तळमजल्यावर, रक्त तपासायचं तर उपाशीपोटी या, या डॉक्टरांपुढे रडू नका, त्यांना रडणं चालत नाही. हळूहळू लोक चौकशीच्या खिडकीवर न जाता तिच्याकडेच जायला लागले. शेवटी खिडकीवरचा माणूस निवृत्त झाला तेव्हा मोठ्या नर्सबाईंनी तिथं ताईला बसवलं. डाव्या हातानं लिहायला ती तिथंच शिकली. अक्षर असं यायचं की ते वाचायला पुन्हा तिलाच विचारावं लागे. पण काम चाललं. लोक तिला घाबरायचे आणि दुसऱ्या दिवशी तिचीच वाट बघायचे.

चष्मेवाली आली ती याच खिडकीसमोरून, स्ट्रेचरवरून.

दांडी पुन्हा बांधली गेली होती. तपासनीस दुसरीकडे बदलून गेला, मुकादम नवीन आला, चादरी जाडच होत्या. चष्मेवालीचा डावा हात मनगटापासून गेला. तिच्या घरचं कुणी अजून पोचलेलं नव्हतं. ताईनं खिडकी बंद केली आणि वर वॉर्डात गेली. तिच्या मागोमाग धाकटीही गेली. ती त्या दिवशी ताईचा डबा द्यायला आली होती. धाकटीच्या डोक्यात एकच होतं, आता ताई हिला काय बोलणार? वाफेनं दिसत नाही म्हणालीस ना, आता दिसलं का? धाकटी असती तर तिनं हेच विचारलं असतं. तिच्या ओठांवर ते आलंही होतं.

चष्मेवालीनं ताईला बघितलं आणि तोंड फिरवलं. चष्मा काढून ठेवलेला होता, त्यामुळे तिचा चेहरा उघडा पडल्यासारखा दिसत होता. ताई कॉटच्या कडेला बसली. चादरीची कडा तिनं सरळ केली.

“तुझा डावा गेला,” ताई म्हणाली. “माझा उजवा गेलेला आहे. टाळी वाजवायची असली तर आता एकमेकींकडे यावं लागेल.”

चष्मेवालीच्या तोंडून आधी हसल्यासारखा आवाज आला, मग तो दुसराच झाला. ती रडत राहिली. ताईनं तिला गप्प केलं नाही. बऱ्याच वेळानं चष्मेवाली म्हणाली, “सरकार, तार दोन्ही रंगांची होती. आधी निळी होती. ती तुम्ही पकडीनं तोडलीत ना, म्हणून त्याच दुपारी मुकादमानं हिरवी बांधली. घाईत निळीचं एक टोक तसंच राहिलं होतं. मी दोन्ही बघितल्या होत्या.”

ताईनं धाकटीकडे बघितलं. धाकटीनं ताईकडे बघितलं. इतकी वर्षं या एका तारेवरून घरात किती भांडणं झाली होती, याला हिशेब नव्हता. पण त्या वेळी दोघींपैकी एकीलाही जिंकल्यासारखं वाटलं नाही.

“हे साहेबापुढे सांगशील?” ताईनं विचारलं.

“सांगते.”

तिनं सांगितलं. तिनं सांगितलं म्हणून पहिलीनं सांगितलं, दुसरीनं सांगितलं. ताई संध्याकाळी एकेकीच्या घरी जाऊन बसायची आणि उठायची नाही. चहा दिला तरी उठायची नाही. बाई हो म्हणाली की मगच उठायची. या खेपेला तपासणी पुरी झाली. लाँड्रीला टाळं लागलं.

म्हणजे सगळं गोड झालं असं मात्र नाही. टाळं लागलं तशा तिथल्या सगळ्याच बायका घरी बसल्या. काहींच्या घरी तेवढाच पगार येत होता. नळावर जिला लोक न्यायाला बोलवायचे, तिला बघून आता दोन-तीन जणी हंडा उचलून चालू लागायच्या. एकीनं तोंडावर सांगितलं, “सरकार, तुमचा हात गेला म्हणून आमचंही पोट कापलंत.” घरी येऊन ताई बराच वेळ पायऱ्यांवर बसून राहिली. धाकटी शेजारी जाऊन बसली.

“चुकलं का गं माझं?” ताईनं विचारलं.

धाकटीच्या आयुष्यात ताईनं तिला पहिल्यांदाच तिचं मत विचारलं होतं. तिला उत्तर येत होतं, नव्हतं असं नाही. पण ते द्यायचं कसं, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

“मला काय विचारतेस,” ती म्हणाली. “मी वेंधळी.”

“हो, तेही खरंच,” ताई म्हणाली, आणि उठली.

वर्षभरानं दुसऱ्या कुणी तरी ती लाँड्री चालवायला घेतली. मशीनं नवी आली. त्यांची दांडी बांधता येत नाही. तिच्यावर बोट जरी टेकलं तरी रोलर थांबतात. जुन्या बायकांपैकी काहींना परत घेतलं, काहींना नाही. हंडा उचलून जाणाऱ्यांमधली एक पुन्हा बोलू लागली. दुसरी कधीच बोलली नाही.

बाबा गेले. धाकटीनं लग्न केलं नाही आणि ताईला कुणी विचारलं नाही. दोघी त्याच खोल्यांत राहिल्या आणि म्हाताऱ्या होत गेल्या. ताई दवाखान्याच्या खिडकीवरून निवृत्त झाली. तिच्या जागी आलेला तरुण अजूनही काही अडलं की घरी येऊन विचारून जायचा.

एका दुपारी दुकान लवकर बंद झालं म्हणून धाकटी अवेळी घरी आली. दार लोटलेलं होतं. आत ताई कॉटवर आडवी होती. उशीचं टोक तिनं दातांत धरलं होतं आणि डाव्या मुठीनं ती उजव्या बंद बाहीच्या पुढची गादी बडवत होती. जिथे काहीच नव्हतं, तिथे.

“काय होतंय?” धाकटीनं पिशवी खाली टाकली.

ताईनं उशी सोडली. पकडल्यासारखी झाली. “काही नाही. अंगठा दुखतोय.”

“बघू.”

“उजवा.”

धाकटीला वाटलं थट्टा आहे. पण ताईचा चेहरा घामानं भिजलेला होता आणि डोळे खोल गेले होते.

“कधीपासून?”

“पहिल्यापासून.” ताई छताकडे बघत राहिली. “अधूनमधून. मशीन सोडतच नाही गं. डॉक्टरांना विचारलं होतं मी, म्हणाले, होतं असं. नसलेला हातही दुखतो. त्याला औषध नाही.”

“इतकी वर्षं? मला का नाही सांगितलंस?”

“काय सांगायचं? नसलेल्या हाताची तक्रार घेऊन कुठल्या खिडकीवर जायचं?”

धाकटी कॉटच्या उजव्या बाजूला जमिनीवर बसली. बंद बाहीच्या पुढे, जिथे मनगट असतं, हात असतो, बोटं असतात, तिथे तिनं गादीवर आपली बोटं टेकवली आणि हळूहळू दाबायला लागली.

ताई मान वळवून बघत राहिली. पहिल्यांदा तिच्या कपाळाला आठी पडली.

“तिथे नाही,” ती म्हणाली. “ती करंगळी. अंगठा अलीकडे.”

धाकटीनं हात अलीकडे घेतला.

“अजून. हां. आता दाब.”

धाकटी दाबत राहिली.

“जरा जोर लाव की. जेवली नाहीस का?”

“जेवलेय.”

“मग?”

धाकटीनं जोर लावला. गादी खाली गेली, वर आली. थोड्या वेळानं ताईनं डोळे मिटले आणि तिचा श्वास हळूहळू लांब होत गेला. झोप लागली की काय म्हणून धाकटीनं हात काढायला घेतला, तशी ताई डोळे न उघडताच म्हणाली, “मधलं बोट राहिलं.”